जर-तरमधले अंतर

मराठी माध्यमातून इंग्रजी शिकलेल्या माणसाला ‘इफ’ या शब्दाची भीती वाटत नाही. भीती वाटते ती त्याच्यापुढे येणाऱ्या क्रियापदाची. शाळेत, क्लासमध्ये आणि स्पर्धा परीक्षांच्या गाइडमध्ये हा भाग एका तक्त्यात बसवलेला असतो. झिरो, फर्स्ट, सेकंड आणि थर्ड कंडिशनल अशा चार ओळी. प्रत्येक ओळीत डावीकडे ‘इफ’च्या वाक्याचा काळ आणि उजवीकडे मुख्य वाक्याचा. तक्ता पाठ होतो, रिकाम्या जागा भरल्या जातात, गुणही मिळतात. पुढे मुलाखतीत किंवा ईमेल लिहिताना मात्र वाक्य अर्ध्यावर अडते, कारण आता कितवी ओळ लावायची हे आठवत बसावे लागते. हा दोष शिकणाऱ्याच्या स्मरणशक्तीचा नाही, अशी या पुस्तकाची भूमिका आहे. तक्ता रूपे देतो, पण ती रूपे कोणत्या प्रश्नांची उत्तरे आहेत ते सांगत नाही. असे प्रश्न दोनच आहेत. बोलणारा ही अट वास्तवापासून किती लांब ठेवतो आहे, हा पहिला. ती अट कोणत्या वेळेची आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मराठी माणूस लहानपणापासून अचूक देत आला आहे, कारण ते मराठीच्या क्रियापदातच बसलेले आहे. दुसऱ्याचे उत्तर मराठी बऱ्याचदा संदर्भावर सोडते आणि इंग्रजी मात्र ते क्रियापदाकडूनच वसूल करते. म्हणजे नव्याने शिकायचे आहे ते अर्धेच. ते अर्धे नेमके कोणते हे कळले, की या प्रकरणातला बहुतेक गुंता सुटतो.

तक्त्यात काय मावत नाही ते आधी पाहू. ‘इफ शी लेफ्ट ॲट सिक्स, शी विल बी इन पुणे बाय नाऊ’ हे रोजच्या वापरातले निर्दोष इंग्रजी वाक्य आहे. डावीकडे साधा भूतकाळ दिसतो म्हणून विद्यार्थी सेकंड कंडिशनलची ओळ काढतो. पण त्या ओळीत उजवीकडे ‘वुड’ असते आणि इथे आहे ‘विल’. ‘इफ ही सेड दॅट, ही वॉज राँग’ या वाक्यात दोन्हीकडे साधा भूतकाळ आहे आणि कल्पनेचा लवलेश नाही. ‘इफ यू हॅव फिनिश्ड, यू कॅन गो’ या वाक्यात डावीकडे पूर्ण वर्तमानकाळ आहे, उजवीकडे ‘कॅन’. अशी वाक्ये वर्तमानपत्रात, न्यायालयात, घरात सतत भेटतात. त्यांना अपवाद म्हणत गेलो तर नियमापेक्षा अपवादच जास्त होतील. इंग्रजीच्या मोठ्या व्याकरणग्रंथांनी आपली मांडणी या तक्त्यावर उभारलेली नाही. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचे १९८५ साली आलेले ‘अ कॉम्प्रिहेन्सिव्ह ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ अटींचे खुल्या आणि काल्पनिक असे दोन भाग करते. रॉडनी हडल्स्टन आणि जेफ्री पुलम यांचे २००२चे ‘द केंब्रिज ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ही दोनच भाग मानते; दुसऱ्या भागाला ते दूरस्थ म्हणते. खुल्या अटीत बोलणारा ती गोष्ट खरी की खोटी यावर काहीच बोलत नाही, दार उघडे ठेवतो. दूरस्थ अटीत तो ती गोष्ट जाणूनबुजून लांब ठेवतो: ती घडलेली नाही, आत्ता खरी नाही किंवा घडण्याची शक्यता फारशी नाही, असे गृहीत धरून बोलतो. चार ओळींपेक्षा हे दोन भाग अधिक टिकाऊ आहेत, कारण ते बोलणाऱ्याच्या मनातल्या भूमिकेवरून पाडलेले आहेत.

हा फरक जवळून पाहण्यासाठी वरच्याच वाक्याला एक जोडीदार देऊ: ‘इफ शी हॅड लेफ्ट ॲट सिक्स, शी वुड बी इन पुणे बाय नाऊ.’ दोन्ही वाक्यांत तीच बाई, तेच सहा वाजणे, तेच पुणे. पहिले वाक्य बोलणाऱ्याला ती निघाली की नाही हे ठाऊक नाही. तो अंदाज बांधतो आहे. दुसरे बोलणाऱ्याला ती सहाला निघाली नाही हे ठाऊक आहे. तो हळहळतो आहे किंवा दोष देतो आहे. आता हीच जोडी मराठीत म्हणून पाहावी. ‘ती सहाला निघाली असेल, तर आत्ता पुण्यात असेल.’ ‘ती सहाला निघाली असती, तर आत्ता पुण्यात असती.’ ‘असेल’ आणि ‘असती’ एवढ्याच फरकाने मराठीने तेच काम केले, आणि तेही दोन्ही उपवाक्यांत. चौथीतले मूलही या दोन वाक्यांत गोंधळणार नाही. तत्त्वज्ञानात याच फरकाचे एक गाजलेले उदाहरण आहे. जॉन केनेडी यांची हत्या २२ नोव्हेंबर १९६३ रोजी झाली आणि ली हार्वी ऑस्वाल्ड याच्यावर तिचा आरोप ठेवला गेला. अर्नेस्ट ॲडम्स यांनी १९७० साली त्या घटनेवरची दोन वाक्ये शेजारी ठेवली. मराठीत त्यांचा आशय असा: ऑस्वाल्डने केनेडींना मारले नसेल, तर दुसऱ्या कुणीतरी मारले आहे, आणि ऑस्वाल्डने मारले नसते, तर दुसऱ्या कुणीतरी मारले असते. पहिले कुणीही मान्य करील, कारण हत्या झाली हे नक्की आहे. दुसरे मान्य करायला मारेकरी अनेक होते, कट होता, असे काहीतरी मानावे लागते. ‘नसेल’ आणि ‘नसते’ यांच्यातल्या अंतरावर एक अख्खा दावा उभा राहतो. मराठी वाचकाला ते अंतर समजावून सांगावे लागत नाही, ही या पुस्तकाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

मराठी व्याकरणात या रूपाला जुने नाव आहे. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ हे क्रियापदाचे चार अर्थ शाळेत सगळेच शिकतात. ‘पाऊस पडला असता तर पीक चांगले आले असते’ या धर्तीचे वाक्य संकेतार्थाचे उदाहरण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या फळ्यावर लिहिले जाते. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आले, आणि तेव्हापासून तरी ही चौकट मराठी अभ्यासकाच्या हाताशी आहे. संस्कृतचे व्याकरण आणखी मागे जाते. पाणिनीने न घडलेल्या क्रियेसाठी लृङ् हा स्वतंत्र लकार सांगितला आणि त्या न घडण्याला क्रियातिपत्ती म्हटले. मराठीच्या तासाला संकेतार्थ शिकवायचा आणि इंग्रजीच्या तासाला कंडिशनल शिकवायचे, पण दोन्ही तास एकमेकांना ओळख देत नाहीत, ही आपल्या शिकवण्यातली खरी तूट आहे. एकाच वर्गात, एकाच मुलाला, एकच मानवी गरज दोन अनोळखी विषय म्हणून शिकवली जाते.

इथे विद्यार्थी एक रास्त प्रश्न विचारतो: आजच्या किंवा उद्याच्या गोष्टीसाठी इंग्रजी भूतकाळ का वापरते? ‘इफ आय न्यू हिज नंबर, आय वुड कॉल हिम’ या वाक्यात नंबर आज माहीत नाही आणि फोन आज करायचा आहे, मग ‘न्यू’ आणि ‘वुड’ ही भूतकाळी रूपे कशी आली? डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी याला कल्पनेचा भूतकाळ मानले. भूतकाळाचे रूप मुळात ‘इथे-आत्ता’पासून लांब असल्याची खूण आहे, ते लांबपण कधी वेळेचे असते, कधी वास्तवाचे. इतर भाषा पाहिल्या की ही कल्पना पटते. संस्कृतचे ‘अभविष्यत्’ हे रूप भविष्यकाळाच्या अंगाला भूतकाळाचा ‘अ’ जोडून बनते. फ्रेंचमध्ये भविष्यकाळाच्या अंगाला अपूर्ण भूतकाळाचे प्रत्यय लागून संकेतार्थ तयार होतो. इंग्रजीतले ‘वुड’ हे ‘विल’चेच भूतकाळी रूप आहे. एकाच मोठ्या भाषाकुळातल्या तीन भाषांनी भविष्याला भूतकाळाची जोड देऊन न घडलेले सांगायची सोय केली. मराठीने ‘असता’, ‘असती’ ही वेगळी वाट धरली, तरी भूतकाळाने अंतर दाखवण्याची युक्ती मराठीलाही परकी नाही. कचेरीच्या दारात उभा राहून माणूस म्हणतो, ‘साहेब, जरा काम होतं.’ काम संपलेले नसते, आत्ताच असते. ‘होतं’ म्हटल्याने विनंती एक पाऊल मागे सरकते आणि आदब राहते. इंग्रजीतल्या ‘कुड यू’ आणि ‘वुड यू’ या विनंतीच्या रूपांमागे हीच समजूत आहे. भूतकाळ म्हणजे केवळ होऊन गेलेला काळ, ही एकच व्याख्या डोक्यात ठेवली तर ‘न्यू’ कोडे वाटते. भूतकाळ म्हणजे अंतर असे धरले तर ते उलगडते.

दूरस्थ म्हणजे खोटे, असेही समजू नये. ॲलन रॉस अँडरसन यांनी १९५१ साली विषबाधेचे उदाहरण घेऊन हे दाखवले. एखादा डॉक्टर म्हणतो, या माणसाने आर्सेनिक घेतले असते, तर त्याच्यात नेमकी हीच लक्षणे दिसली असती. डॉक्टर इथे विष घेतल्याचे नाकारत नाही, उलट तिकडेच बोट दाखवतो आहे. संकेतार्थ वापरून त्याने ती शक्यता हाताच्या अंतरावर धरली आहे, म्हणजे ती तपासता येईल. उद्याच्या पावसाचेही तसेच. ‘इफ इट रेन्स टुमॉरो’ म्हणणारा पाऊस येईल किंवा येणार नाही अशा मोकळ्या मनाने बोलतो. ‘इफ इट रेन्ड टुमॉरो’ म्हणणाऱ्याला पावसाची फारशी अपेक्षा नाही, पण तो अशक्यही नाही. मराठी इथे ‘समजा’ म्हणते, किंवा क्रियापदाला ‘च’ जोडते: ‘पाऊस पडला तर’ आणि ‘पाऊस पडलाच तर’. या ‘च’च्या बरोबरीला ‘इफ इट शुड रेन’ हे इंग्रजी वाक्य नेमके बसते. असे धागे शोधत गेले, की इंग्रजीतल्या छटा परक्या राहत नाहीत.

आता दुसरा प्रश्न, वेळेचा. इथे मराठीची सोय संपते. ‘माझ्याकडे पैसे असते तर मी हे घर घेतलं असतं’ हे वाक्य घ्यावे. एखादा माणूस आज जाहिरात पाहत ते म्हणू शकतो आणि दहा वर्षांपूर्वी हातची गेलेली संधी आठवूनही म्हणू शकतो. मराठी वाक्य तेच राहते. फरक ‘आज’, ‘तेव्हा’ अशा शब्दांवर किंवा प्रसंगावर सोपवला जातो. इंग्रजीत ही दोन वाक्ये होतात. आजचे: ‘इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय धिस हाउस.’ तेव्हाचे: ‘इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट धिस हाउस.’ यामागची चाल एका वाक्यात सांगता येते. अट दूरची करायची तर क्रियापद एक पायरी मागे न्यायचे: आजची किंवा उद्याची गोष्ट साध्या भूतकाळात जाते आणि भूतकाळातली गोष्ट पूर्ण भूतकाळात. परिणामाच्या वाक्यात ‘वुड’ येते. परिणाम आजचा असेल तर त्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप आणि तेव्हाचा असेल तर ‘हॅव’ आणि तिसरे रूप. अट आणि परिणाम यांची वेळ प्रत्येकाने आपापली ठरवायची. ‘इफ आय हॅड टेकन दॅट जॉब, आय वुड बी इन नागपूर नाऊ’ या वाक्यात अट तेव्हाची, परिणाम आजचा. ‘इफ आय वेअर नॉट अफ्रेड ऑफ वॉटर, आय वुड हॅव जॉइन्ड देम यस्टरडे’ या वाक्यात भीती कायमची आणि परिणाम कालचा. ज्यांना मिक्स्ड कंडिशनल म्हणून शेवटच्या पानावर ढकलले जाते ती ही वाक्ये. वेळेचा प्रश्न दोनदा विचारला तर ती आपोआप तयार होतात. त्यांच्यासाठी वेगळी ओळ लागत नाही.

मराठी विद्यार्थ्याच्या चुका कुठून येतात तेही आता दिसू लागते. ‘मला कळलं असतं तर मी आलो असतो’ या वाक्यात दोन्हीकडे तेच ‘असतं-असतो’ आहे. मराठीची ही सममिती इंग्रजीत नेली की ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम’ तयार होते. इंग्रजीत अटीकडे ‘हॅड नोन’ आणि परिणामाकडे ‘वुड हॅव कम’ अशी दोन वेगळी रूपे लागतात. दुसरी चूक याहून फसवी आहे. ‘तू आलास तर मी येईन’ ही मराठीत खुली अट आहे, पण ‘आलास’ हे रूप भूतकाळाचे आहे. अट आधी पुरी व्हावी लागते, एवढेच ते इथे सांगते. इंग्रजीत मात्र ‘केम’ म्हटले की अट दूर जाते. त्यामुळे ‘इफ यू केम, आय विल कम’ असे अर्धे खुले, अर्धे दूरस्थ वाक्य जन्माला येते. योग्य वाक्य ‘इफ यू कम, आय विल कम’ हे. हाच फरक कायद्याच्या भाषेतही दिसतो. भारतीय करार कायदा १८७२चा आहे. त्याच्या ३१व्या कलमात घटनेवर अवलंबून असलेल्या कराराचे उदाहरण आहे: ‘ब’चे घर जळाले तर ‘अ’ने त्याला १०,००० रुपये द्यायचे. मराठीत आपण सहज ‘जळाले’ म्हणतो. मूळ इंग्रजीत तिथे वर्तमानकाळ आहे. एकच अट, दोन भाषा आणि खुलेपणा दाखवण्याच्या दोन वेगळ्या रीती. तिसरी चूक ‘वेळेवर येशील तर गाडी मिळेल’ यातून येते. मराठीत अटीकडेही भविष्यकाळ चालतो, म्हणून ‘इफ यू विल कम ऑन टाइम’ लिहिले जाते. चौथी नकाराची आहे. ‘तू येत नाहीस तोपर्यंत’ मधला नकार उचलून ‘अनटिल यू डोन्ट कम’ म्हटले जाते, तर इंग्रजीत तो नकार ‘अनटिल’ आणि ‘अनलेस’ यांच्या पोटातच असतो. या चारही चुका करणारा विद्यार्थी बेफिकीर नसतो. तो मराठीचा नियम काटेकोरपणे पाळत असतो. चूक कुठल्या नियमातून आली हे त्याला दाखवले तर ती सुटते. नुसती लाल रेघ मारली तर ती पुढच्या पानावर पुन्हा येते.

‘इफ’नंतर ‘विल’ कधीच येत नाही, हा नियमही या निमित्ताने तपासायला हवा. ‘विल’ जिथे केवळ भविष्य सांगते तिथे तो खरा आहे. पण ‘इफ यू विल वेट अ मोमेंट, आय विल कॉल द मॅनेजर’ या वाक्यात ‘विल’ म्हणजे तुमची तयारी, आणि हे वाक्य सभ्य इंग्रजी आहे. ‘इफ इट विल हेल्प यू, आय विल लेंड यू द मनी’ या वाक्यात मदत होणे हा पैसे दिल्यानंतरचा परिणाम आहे, म्हणून तिथेही ‘विल’ शोभते. काही वाक्यांत तर अट मुळी घटनेवर नसतेच. ‘तहान लागली असेल तर माठात पाणी आहे’ असे आपण म्हणतो. तहान नसली तरी माठात पाणी असतेच. अट इथे सांगण्यावर आहे: हे सांगणे तुमच्या कामाचे असेल तर ऐका. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ साली ब्रिटिश अकॅडमीपुढे दिलेल्या व्याख्यानात ‘इफ’च्या अशा वापरांकडे लक्ष वेधले, आणि ईव्ह स्वीट्सर यांनी १९९०च्या पुस्तकात घटनेवरची, अनुमानावरची आणि बोलण्यावरची अट असे तीन थर वेगळे केले. या थरांवर प्रस्तुत पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. इथे एवढेच म्हणायचे आहे, की नियमामागचे कारण माहीत असेल तर अपवाद वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

या मांडणीवर पहिला आक्षेप येतो तो शिक्षकांकडून: इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, मराठी मध्ये आणली की विद्यार्थी कायम भाषांतरच करत राहतो. या आक्षेपाला इतिहास आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी आणि इंग्रजी वाक्ये समोरासमोर ठेवून कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकवले. पुढे ती पद्धत जुनाट ठरली आणि वर्गात मराठी उच्चारणे कमीपणाचे झाले. त्या टीकेत तथ्य होते. शब्दाला शब्द ठेवणाऱ्या भाषांतरातूनच वर सांगितलेल्या चुका पिकतात. पण वर्गात मराठी बंद केल्याने डोक्यातली मराठी बंद होत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, तरी ‘इफ आय वुड हॅव नोन’ गेलेले नाही, कारण त्याचे मूळ मराठी सममितीत आहे आणि त्या सममितीबद्दल कुणी बोलतच नाही. म्हणून या पुस्तकात भाषांतराऐवजी तुलना केली आहे. मराठी रूप काय सांगते, काय सांगत नाही, आणि इंग्रजी तिथे काय मागते, हे उघडपणे मांडले की विद्यार्थी मराठीत अडकून पडत नाही. मराठीच्या आधारावर उभा राहून पुढे जातो.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. इंग्रजी वेळ वेगळी दाखवते आणि मराठी दाखवत नाही, असे म्हणताना मराठी कमी नेमकी आहे असे सुचवले जात नाही का? या वाटेवर याआधी एक मोठी चूक होऊन गेली आहे. आल्फ्रेड ब्लूम यांनी १९८१ साली असे मांडले, की चिनी भाषेत इंग्रजीसारखी वेगळी संकेतार्थी रूपे नाहीत, म्हणून चिनी भाषकांना न घडलेल्या गोष्टींबद्दल तर्क करणे जड जाते. टेरी ऑ यांनी १९८३ साली तेच प्रयोग सहज, वळणदार चिनी भाषेत लिहिलेल्या गोष्टी घेऊन पुन्हा केले, तेव्हा ती अडचण फारशी उरली नाही. माणूस कल्पना करायला क्रियापदाची वाट पाहत नाही. मराठी बोलणारा ‘पैसे असते तर’ म्हणताना आज की तेव्हा हे पक्के जाणतो. त्याला ते क्रियापदात सांगायची सक्ती नाही, एवढेच. उलट अट खुली की दूरची हे मराठी दोन्ही उपवाक्यांत ‘असेल’ आणि ‘असती’ असे स्वच्छ दाखवते. भाषा कोणता तपशील सक्तीचा करते आणि कोणता ऐच्छिक ठेवते, यात भाषाभाषांतला फरक आहे. कमी-जास्तपणाचा प्रश्न इथे उद्भवत नाही.

तिसरा आक्षेप असा, की इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते स्वतःच हे नियम पाळत नाहीत. मग आपण का घाम गाळावा? ‘इफ आय वेअर यू’च्या जागी ‘इफ आय वॉज यू’ सर्रास ऐकू येते, आणि अमेरिकी बोलण्यात ‘इफ आय वुड हॅव नोन’ही येते. यातल्या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. ‘वेअर’ आणि ‘वॉज’ यांची निवड ही औपचारिकतेची बाब आहे. दोन्हीकडे भूतकाळाचे रूप, म्हणजे अंतराची खूण, शाबूतच आहे. ‘इफ आय ॲम यू’ मात्र कुणी म्हणत नाही. ‘वुड हॅव’ची गोष्ट वेगळी: ते बोलण्यात चालून जाते, संपादित लेखनात कापले जाते. घरच्या भाषेत सूट घेणाऱ्याला ती कुठे घ्यायची हे कळत असते. शिकणाऱ्याला ते कळण्यासाठी आधी मूळ चाल माहीत हवी. तक्ता परीक्षेला सोयीचा आहे, त्याचे काय, असाही प्रश्न येईल. तक्ता जरूर ठेवावा, पण प्रकरणाच्या शेवटी, समजलेल्या गोष्टीचा सारांश म्हणून. सुरुवातीला ठेवला तर तो समजण्याची जागा अडवून बसतो.

हे सारे केवळ शुद्धतेसाठी नाही. नोकरीच्या अर्जात ‘इफ आय ॲम सिलेक्टेड, आय विल जॉइन इमिजिएटली’ लिहिणारा उमेदवार निवड शक्य मानून वचन देतो. ‘इफ आय वेअर सिलेक्टेड, आय वुड जॉइन’ लिहिणारा नकळत स्वतःची निवड लांब ढकलतो; वाचणाऱ्याला तो साशंक वाटतो. विनंतीत मात्र हेच अंतर उपयोगी पडते: ‘इफ यू कुड सेंड द पेपर्स बाय मंडे, आय वुड बी ग्रेटफुल’ हे पत्र नम्र वाटते, कारण समोरच्याला नकार द्यायला जागा ठेवलेली असते. वचनात अंतर ठेवले तर विश्वास कमी होतो, विनंतीत ठेवले तर मान राखला जातो. करारात खुली अट लिहायला हवी तिथे दूरस्थ रूप गेले तर जबाबदारीच डळमळीत दिसते. अपघाताच्या अहवालात ‘ब्रेक निकामी झाला असेल तर’ आणि ‘ब्रेक निकामी झाला नसता तर’ यांच्यात तपास आणि निष्कर्ष एवढा फरक आहे. अशा जागी इंग्रजी क्रियापद चुकले की माणसाचे म्हणणेच बदलते, आणि आपले म्हणणे बदलले आहे याची त्याला खबरही नसते.

पुस्तकाची रचना या विचारानुसार आहे. पहिल्या भागात मराठी संकेतार्थाची उजळणी आहे. ती टाळून पुढे जाऊ नये, कारण बाकीचा सगळा भार तिच्यावर आहे. दुसऱ्या भागात खुली आणि दूरस्थ अट, तिसऱ्यात वेळेचा प्रश्न आणि एक पायरी मागे जाण्याची चाल, चौथ्यात ‘अनलेस’, ‘प्रोव्हायडेड’, ‘हॅड आय नोन’ यांसारखी वळणे, आणि शेवटी पत्रे, करार, अहवाल यांतले वापर. सरावात रिकाम्या जागा कमी आहेत आणि प्रसंग जास्त. प्रत्येक प्रसंगात आधी दोन प्रश्नांची उत्तरे मराठीत लिहायची आणि मग इंग्रजी वाक्य करायचे. सुरुवातीला हे संथ वाटेल. शिक्षकांनी ती संथ गती सोसावी, कारण प्रश्न अंगवळणी पडले की रूपे शोधावी लागत नाहीत. घडलेल्याबद्दल बोलायला कोणत्याही भाषेत थोडे शब्द पुरतात. योजना आखणे, हळहळ सांगणे, सल्ला देणे, सौदा ठरवणे, आरोप तपासणे, अदबीने मागणे ही कामे न घडलेल्याबद्दल बोलल्याशिवाय होत नाहीत, आणि मोठ्या माणसाचा बराचसा व्यवहार याच कामांचा असतो. मराठीत ही कामे सफाईने करणाऱ्या माणसाला इंग्रजीतही ती करता आली पाहिजेत. तशी कुवत त्याच्यात आहे, या विश्वासावर हे पुस्तक लिहिले आहे.